जिलेट चषक: काउंट्यांच्या तिजोरीसाठी केलेली एक तजवीज

इंग्लंडातील काउंटी क्रिकेटचा कारभार ज्यांच्या हाती होता त्या मंडळींना नावीन्याची हौस अशी कधीच नव्हती. त्यामुळे १९६१ च्या डिसेंबरात काउंट्यांच्या सल्लागार समितीने, एका दिवसात निकाली निघणारी, षटकांची मर्यादा घातलेली आणि हरणाऱ्याला दुसरी संधी न देणारी एक स्पर्धा १९६३ च्या हंगामापासून भरविण्याची जी तजवीज मंजूर केली, तिच्या मुळाशी खेळाविषयीचे काही नवे चिंतन असेल अशा समजुतीने कोणी शोध घेऊ लागला, तर त्याच्या पदरी निराशाच येईल. त्या तजविजीचे मूळ जमाखर्चाच्या वहीत होते. महायुद्ध संपून शिधापत्रिका मात्र अजून संपल्या नव्हत्या अशा १९४७ च्या उन्हाळ्यात, डेनिस कॉम्प्टन आणि बिल एड्रिच यांच्या धावांचा पाऊस पडत असताना, पैसे मोजून काउंटी सामने पाहणाऱ्यांची संख्या वीस लाखांच्या वर गेली होती. तीच सोळा वर्षांनी सात लाखांच्या आसपास येऊन ठेपली. लोकांच्या दारात मोटार आली, दिवाणखान्यात दूरचित्रवाणी आली, ही कारणे सर्वांनी सांगितली आणि ती खरीही आहेत. पण त्यांहून साधे कारण असे की शनिवारी सुरू होणारा सामना रविवारची विश्रांती घेऊन सोमवारी आणि मंगळवारी चाले, आणि गिरणीत किंवा कचेरीत चाकरी करणाऱ्याच्या वाट्याला त्यातला पहिला तिसरा हिस्सा तेवढा येई. उरलेला सामना त्याने वर्तमानपत्रात वाचावा, आणि तोही पुष्कळदा अनिर्णित राहिलेला, हे किती काळ चालणार?

बाद पद्धतीची कल्पना मात्र नवी नव्हती. १८७३ साली मेरिलिबोन क्रिकेट क्लबाने काउंट्यांसाठी एक रौप्यचषक जाहीर केला होता, आणि त्या चषकासाठी केंट व ससेक्स यांच्यात लॉर्ड्सवर एक सामना झालाही. परंतु खेळपट्टी अशी काही निघाली की फलंदाजांना धावांपेक्षा हाडांची काळजी अधिक वाटावी. बाकीच्या काउंट्यांनी काढता पाय घेतला आणि ती स्पर्धा त्या एका सामन्यानिशीच बरखास्त झाली. त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी, क्रिकेटचे इतिहासकार आणि विंचेस्टरच्या विद्यालयातील अध्यापक हॅरी ऑल्थम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घसरत्या गर्दीची चौकशी करून जो अहवाल दिला, त्यात अशा स्पर्धेची शिफारस पुन्हा आली. शिरस्त्याप्रमाणे ती दफ्तरी दाखल झाली आणि काही वर्षे तेथेच राहिली.

दफ्तरातून ती बाहेर पडेपर्यंत एका तरुण चिटणिसाला दम निघाला नाही, हे या हकिकतीतले एक लोभस प्रकरण आहे. लेस्टरशायर ही त्या काळची दरिद्री काउंटी, आणि माइक टर्नर हे तिचे चिटणीस. १९६२ च्या वेळापत्रकात काही तारखा मोकळ्या दिसताच त्यांनी डर्बीशायर, नॉटिंगहॅमशायर आणि नॉर्दम्प्टनशायर या शेजाऱ्यांना गाठून मध्य इंग्लंडातील चौघांची एक छोटी स्पर्धा मे महिन्यात भरविली. प्रत्येक डावाला पासष्ट षटके, दोन उपांत्य सामने, एक अंतिम सामना. लेस्टरच्या ग्रेस रोड मैदानावर नॉर्दम्प्टनशायरने यजमानांना हरवून ती जिंकली. प्रेक्षकांची झुंबड उडाली असे नव्हे, मेमधील इंग्लंडी थंडीत ती उडतही नाही; पण पासष्ट षटकांचे दोन डाव एका दिवसात बसतात, फलंदाज त्या मर्यादेत शोभेलसे खेळू शकतात आणि सायंकाळी कोणीतरी जिंकलेले असते, एवढे सिद्ध झाले. पुढे जगभर पसरलेल्या एका उद्योगाचा पहिला प्रयोग एका चिटणिसाने चार काउंट्यांच्या सोयीसाठी केला होता, आणि त्याबद्दल त्याला मिळायला हवे तेवढे श्रेय कधी मिळाले नाही असे माझे मत आहे.

पुढल्या वर्षी सर्व सतरा काउंट्यांची स्पर्धा उभी राहिली तेव्हा दाढीची पाती विकणाऱ्या जिलेट कंपनीने तिला साडेसहा हजार पौंड देऊ केले. क्रिकेटच्या स्पर्धेला एखाद्या व्यापाऱ्याचे नाव लावणे ही गोष्ट लॉर्ड्सच्या दिवाणखान्यात सहजासहजी पचण्यासारखी नव्हती. परंतु त्याच हिवाळ्यात हौशी आणि धंदेवाईक खेळाडूंमधला भेद, त्यांची वेगळी पोशाखघरे आणि नावांच्या मागेपुढे आद्याक्षरे छापण्याचा तो विलक्षण रिवाज, हे सारे कायमचे मोडीत काढले गेले होते, आणि एकदा एक सोवळे सुटले की दुसरे सुटायला वेळ लागत नाही.

१९६२ च्या अजिंक्यपद स्पर्धेत लँकेशायर आणि लेस्टरशायर तळाला राहिले होते. सतरा ही संख्या बाद पद्धतीला गैरसोयीची असल्यामुळे या दोघांना प्राथमिक फेरी खेळावी लागली, आणि ओल्ड ट्रॅफर्डवर १ मे १९६३ रोजी सुरू झालेला हाच या स्पर्धेचा पहिला सामना. लँकेशायरच्या पीटर मार्नरने १२१ धावा काढल्या, लेस्टरशायरच्या मॉरिस हॅलमने १०६ काढून त्याला उत्तर दिले, ब्रायन स्टॅथमने पाच बळी घेतले आणि लँकेशायर १०१ धावांनी जिंकले. एका दिवसात संपणे हेच ज्याचे वैशिष्ट्य म्हणून डांगोरा पिटला होता, तो सामना मँचेस्टरच्या पावसामुळे दुसऱ्या दिवशी संपला, हे येथे नमूद करून ठेवणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.

या नव्या खेळाचे खरे स्वरूप प्रथम ओळखले ते ससेक्सचा कर्णधार टेड डेक्स्टर याने. इतर कर्णधार तीन दिवसांच्या सामन्यातलीच शस्त्रे घेऊन आले होते: बळी मिळवावा म्हणून स्लिपमध्ये माणसे उभी करावी, फिरकी गोलंदाजाने चेंडूला उंची द्यावी, फलंदाजाला मोहात पाडावे. डेक्स्टरने हिशेब मांडला की येथे प्रतिपक्षाला बाद करण्याची सक्तीच नाही. आपल्यापेक्षा एक धाव कमी करू दिली म्हणजे पुरे. केंटविरुद्ध टनब्रिज वेल्स येथे त्याच्या संघाने ३१४ धावा केल्या, आणि मग पीटर रिचर्डसन १२७ धावा काढीत असताना डेक्स्टरने त्याला एकेक धाव सुखाने घेऊ दिली, क्षेत्ररक्षक दूरदूर पसरले आणि दुसऱ्या टोकाच्या फलंदाजांना जखडून ठेवले. सामनावीराचा मान रिचर्डसनला मिळाला, सामना ससेक्सला. ही मसलत पाहून जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली. तथापि बारकाईने पाहिले तर मर्यादित षटकांच्या खेळातील निम्मे शास्त्र त्या एका दुपारी मांडले गेले होते, आणि गेल्या साठ वर्षांत त्यावर भाष्येच अधिक झाली आहेत.

७ सप्टेंबर १९६३ रोजी लॉर्ड्सवर ससेक्स आणि वुस्टरशायर यांच्यात अंतिम सामना झाला. दिवस कोंदट, खेळपट्टी ओलसर, आणि मैदान खचाखच भरलेले. लॉर्ड्सने गर्दी पुष्कळ पाहिली होती. परंतु छातीवर आपल्या काउंटीचे फुलांसारखे बिल्ले लावून, हातात फलक घेऊन, फुटबॉलच्या अंतिम सामन्याला वेम्ब्लीवर जमावे तसा आरडाओरडा करणारा मुफसलातला जमाव त्या प्रेक्षागारात प्रथमच शिरला होता, आणि क्लबाच्या सभासदांनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल याची कल्पना वाचकाने स्वतःच करावी. ससेक्सचा डाव १६८ धावांत आटोपला. यष्टिरक्षक जिम पार्क्सच्या ५७ धावा त्यात सर्वाधिक. वुस्टरशायरच्या नॉर्मन गिफर्ड या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ३३ धावांत ४ बळी घेतले. नंतर अंधारून येत असताना तरुण जॉन स्नोने परत येऊन शेपूट कापून काढले, आणि शेवटची जोडी धडपडत असता डेक्स्टरने आपली माणसे सीमारेषेवर पेरून ठेवली. वुस्टरशायर १५४ वर थांबले. चौदा धावांनी हरलेल्या संघातल्या गिफर्डलाच पंचाईत करणाऱ्यांनी सामनावीर ठरविले; हे पंचाईत करणारे म्हणजे फ्रँक वूली आणि हर्बर्ट सटक्लिफ. फिरकी गोलंदाजीला या स्पर्धेत स्थान उरणार नाही असा विलाप जे त्या वर्षी करीत होते, त्यांना अंतिम सामन्याने दिलेले हे उत्तर पुरेसे गमतीदार होते. १८३९ पासून अस्तित्वात असलेल्या, सर्वांत जुन्या काउंटी क्लबाला अजिंक्यपद कधी लाभले नव्हते; पहिली ट्रॉफी मिळाली ती ही. पुढल्या वर्षीही त्यांनीच ती राखली.

नियमांची घडी बसायला मात्र तीन-चार हंगाम लागले. पासष्ट षटके म्हणजे सायंकाळी काळोखाशी झटापट, म्हणून १९६४ पासून साठ षटके झाली. एका गोलंदाजाला प्रथम पंधरा षटकांची मुभा होती, मग तेरा, आणि १९६६ पासून बारा. हा आकडा फार महत्त्वाचा आहे. बाराला पाचाने गुणले की साठ होतात. म्हणजे प्रत्येक कर्णधाराला पाच गोलंदाज पाळणे भाग पडले, आणि पाचवा गोलंदाज ज्या संघाकडे नाही त्याने तो फलंदाजांतून निर्माण करावा, अशी अष्टपैलू खेळाडूंची पैदास करणारी टाकसाळच त्या कलमाने उघडली. आज पन्नास षटकांत दहा, वीस षटकांत चार, हा जो एकपंचमांशाचा दंडक सर्वत्र चालतो तो त्या वेळचा आहे.

१९६५ च्या अंतिम सामन्यात सरेने नाणेफेक जिंकून यॉर्कशायरला फलंदाजी दिली, आणि ज्याच्या संथपणाच्या कथा सांगून लोक हसत, त्या जेफ्री बॉयकॉटने १४६ धावा फटकावल्या. यॉर्कशायर ४ बाद ३१७; सामना १७५ धावांनी त्यांचा. साठ षटकांचे अंतिम सामने संपेपर्यंत त्या १४६ ची बरोबरी कोणाला करता आली नाही.

परंतु या चषकावर खरा हक्क सांगावा तो लँकेशायरने. १९७०, १९७१ आणि १९७२ अशी सलग तीन वर्षे, आणि पुन्हा १९७५ मध्ये, तो मँचेस्टरला गेला. कर्णधार जॅक बॉण्ड स्वतः मोठा फलंदाज नव्हता. त्याच्या हाताखाली क्लाइव्ह लॉइड होता, आणि यष्टींमागे मुंबईचा फारुख इंजिनिअर. २८ जुलै १९७१ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर ग्लॉस्टरशायरविरुद्ध जो उपांत्य सामना झाला, त्याच्या आदल्याच दिवशी इंजिनिअर लॉर्ड्सवर अजित वाडेकरच्या संघातून इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी संपवून मोकळा झाला होता. पावसाने अर्धवट ठेवलेली, आणि धाव घेणाऱ्या गावसकरला स्नोने दिलेल्या धक्क्यामुळे गाजलेली ती कसोटी. तेथून निघून तो मँचेस्टरला आला तो पुन्हा यष्टींमागे उभा राहण्यासाठी.

त्या सामन्याची हकिकत जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. मैदान भरून दरवाजे बंद झाले होते. मध्ये पावसाने वेळ खाल्ला. ग्लॉस्टरशायरने ६ बाद २२९ केल्या. उत्तरादाखल लँकेशायरचा डाव बरा चालला असता ऑफ-स्पिनर जॉन मॉर्टिमोरने क्लाइव्ह लॉइडचा त्रिफळा उडविला, इंजिनिअर स्वतःच्याच यष्टी पाडून बाद झाला, आणि सामना ग्लॉस्टरशायरकडे झुकला. घड्याळात साडेआठ वाजून गेले. शेजारच्या वॉरिक रोड स्थानकावरचे दिवे लागले होते. अंधाराची तक्रार घेऊन बॉण्ड पंच आर्थर जेप्सन यांच्याकडे गेला तेव्हा, तो चंद्र दिसतो आहे ना, मग याहून किती दूरचे पाहायचे आहे, अशा अर्थाचा सवाल त्यांनी केला, ही कथा इंग्लंडात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचे शब्द प्रत्येकाच्या तोंडी निराळे असतात. पाच षटकांत पंचवीस धावा हव्या होत्या आणि तीन बळी शिल्लक होते. डेव्हिड ह्यूजेस हा फिरकी गोलंदाज खेळायला आला होता. मॉर्टिमोरच्या त्या एका षटकात त्याने चौकार, षटकार, दोन, दोन, चौकार, षटकार अशा चोवीस धावा काढल्या. बरोबरी झाली. पुढच्या षटकात माइक प्रॉक्टरच्या वेगाला कशीबशी बॅट लावून बॉण्डने विजयाची धाव घेतली, तेव्हा नऊ वाजायला काही मिनिटेच कमी होती. आणि बातम्या थांबवून बीबीसीने तो शेवट देशाला दाखविला होता. राष्ट्राच्या बातम्यांना एका काउंटी सामन्याने दाराबाहेर तिष्ठत ठेवावे, एवढी या स्पर्धेची प्रतिष्ठा आठ वर्षांत वाढली होती. अंतिम सामन्यात केंटचा असिफ इक्बाल ८९ धावांवर सामना हिरावून नेत असताना बॉण्डने अंग हवेत झोकून त्याचा झेल घेतला आणि चषक राखला, हे त्याचे पुढचे प्रकरण.

याच ह्यूजेसने १९७६ च्या अंतिम सामन्यात बिशनसिंग बेदीच्या शेवटच्या षटकात २६ धावा लुटल्या. बेदी तेव्हा नॉर्दम्प्टनशायरचा, त्याचा कर्णधार पाकिस्तानचा मुश्ताक महंमद, आणि सहकारी सर्फराज नवाज. एवढा मार खाऊनही नॉर्दम्प्टनशायर चार गड्यांनी जिंकले, आणि त्या काउंटीच्या इतिहासातले ते पहिले पारितोषिक ठरले. बेदीच्या त्या षटकाची आठवण काढणाऱ्यांनी आणखी एक आकडा शेजारी ठेवावा: आदल्याच वर्षी विश्वचषकात पूर्व आफ्रिकेविरुद्ध लीड्स येथे त्याने बारा षटकांत आठ निर्धाव टाकून ६ धावा दिल्या होत्या.

त्या विश्वचषकाचा साचा म्हणजे जिलेट चषकाचाच साचा होता: साठ षटके, बारांची मर्यादा, पांढरे कपडे, लाल चेंडू. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडने ४ बाद ३३४ केल्या आणि सुनील गावसकर साठ षटकांअखेर १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिला. या डावावर आपल्याकडे आजवर जेवढी शाई खर्च झाली आहे, तिच्यातला एक थेंब या गोष्टीवरही खर्च व्हायला हवा होता की समोरच्या संघातले खेळाडू बारा वर्षांच्या शाळेतून उत्तीर्ण होऊन आले होते. मुंबईच्या मैदानांवर, खडूसपणा हाच जेथे फलंदाजाचा अलंकार मानला जाई आणि विकेट फेकणाऱ्याला घरी जाऊन तोंड दाखवणे कठीण होई, तेथे असली शाळा नव्हती. पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या नावाची मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. आठ वर्षांनी त्याच लॉर्ड्सवर, त्याच साठ षटकांच्या नियमाने, १८३ धावांत गुंडाळलेला भारतीय संघ जगज्जेता झाला. त्या दिवशी बळी घेणारी मंडळी बहुतेक मध्यम गतीची, टप्पा धरून चेंडू टाकणारी. डेक्स्टरला ती खचित आवडली असती.

मोठ्या काउंट्यांच्या पंगतीत धाकट्यांनाही पान मांडण्याचा निर्णय १९६४ मध्ये झाला आणि पाच मायनर काउंट्या स्पर्धेत आल्या. दहा वर्षे त्या येत, एक सामना हरत आणि परत जात. मग ३० जून १९७३ रोजी हॅरोगेट येथे डरहॅमने बॉयकॉटच्या यॉर्कशायरला १३५ धावांत गुंडाळले. ब्रायन लँडरने १५ धावांत ५ बळी घेतले, आणि डरहॅमने पाच गडी राखून सामना जिंकला. यॉर्कशायरसारख्या गर्विष्ठ संस्थानाची अशी अवस्था नोकरीधंदा सांभाळून खेळणाऱ्यांनी केली, याचा आनंद इंग्लंडच्या इतर सर्व काउंट्यांत झाला असे म्हणण्यात अतिशयोक्ती फारशी नाही. पुढच्या वर्षी लिंकनशायरने ग्लॅमॉर्गनला आणि १९७६ मध्ये हर्टफर्डशायरने एसेक्सला हेच दाखविले.

१९८० च्या हंगामानंतर जिलेट कंपनीने आपला हात काढून घेतला. त्याचे म्हणून जे कारण सांगितले जाते ते मोठे मार्मिक आहे: जिलेट म्हटले की लोकांना पात्यांऐवजी क्रिकेटच आठवू लागले होते. जाहिरात इतकी यशस्वी झाली की जाहिरातदाराचा माल तिच्यातून नाहीसा झाला. पुढे नॅशनल वेस्टमिन्स्टर बँकेने हा भार उचलला. पहिल्याच वर्षी, १९८१ मध्ये, डर्बीशायर आणि नॉर्दम्प्टनशायर यांच्या धावा २३५ अशा सारख्या झाल्या आणि कमी गडी गमावले म्हणून चषक डर्बीशायरला गेला. १९८५ मध्ये नॉटिंगहॅमशायरला शेवटच्या षटकात अठरा धावा हव्या असता डेरेक रँडलने पाच चेंडूंत सोळा काढल्या, आणि सहाव्यावर झेल देऊन एसेक्सला एका धावेने विजय दिला. १९९३ मध्ये ससेक्सच्या ३२१ धावा वॉरिकशायरने शेवटच्या चेंडूवर ओलांडल्या. असिफ दीनचे शतक त्या दिवसाचे.

या सुखावह हकिकतींना एक गालबोट होते. अंतिम सामना सप्टेंबरात सकाळी साडेदहाला सुरू होई, गवतावर दव असे, चेंडू वळवळत असे, आणि नाणेफेक जिंकणारा कर्णधार डोळे मिटून गोलंदाजी घेई. कित्येक वर्षे सामन्याचा अर्धा निकाल नाण्यानेच लावला. तक्रारी झाल्या, उपाय सुचले, सप्टेंबर मात्र हलला नाही. जगाने १९८७ पासून पन्नास षटके पत्करली तरी इंग्लंडने या स्पर्धेची साठ षटके १९९८ पर्यंत सोडली नाहीत, यात जुन्या मंडळींचा हट्ट किती आणि प्रेम किती हे सांगणे कठीण. १९९९ मध्ये पन्नास झाली. २००१ मध्ये चेल्टनहॅम अँड ग्लॉस्टर या गृहकर्ज संस्थेचे नाव आले. आणि २००६ मध्ये कारभाऱ्यांनी बाद पद्धतच बाजूला सारून गटवार साखळी सामने सुरू केले, कारण एकाच सामन्यात बाहेर पडणाऱ्या काउंटीला घरच्या मैदानावरचे उत्पन्न मिळत नाही. ज्या जमाखर्चाच्या वहीतून ही स्पर्धा जन्मली होती, त्याच वहीने तिचा आत्मा काढून घेतला.

उरलेले कलेवर फ्रेंड्स प्रॉव्हिडंट या विमा कंपनीच्या नावाने २००९ पर्यंत चालले. त्यातल्या २००७ च्या अंतिम सामन्यात हॅम्पशायरला १२५ धावांनी हरवून चषक नेला तो डरहॅमने. १९९२ मध्ये प्रथम श्रेणीची सनद मिळाल्यापासून त्या काउंटीला मिळालेले हे पहिले मोठे पारितोषिक. लॉर्ड्सवर त्या दिवशी उत्तरेकडून आलेल्या प्रेक्षकांत हॅरोगेटचा सामना पाहिलेले काही वृद्ध असतीलच. त्यांना मात्र यॉर्कशायर समोर असते तर अधिक बरे वाटले असते.